शहापूर आधी, मुरबाड नंतर

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टण्, टण्, टण्. रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा. पहाटे अर्धवट जागेपणी शाळेची घंटा आज पुन्हा ऐकू आली. शाळा पाडून नवी बांधली, रूळ भंगारात गेला, वाजवणारा मी घरी बसलो, तरी ती वाजतेच आहे. चौतीस वर्षं मीच बडवली. दुसरी घंटा झाली की चौथीच्या वर्गात कविता सुरू व्हायची. पोरं आत, मी व्हरांड्यातल्या स्टुलावर. गुरुजी म्हणायचे, पट चाळीसचा, पाठ करणारे एक्केचाळीस. त्या चाळिसांच्या डोक्यात आता काय उरलं असेल कोण जाणे. माझ्या सगळ्या शाबूत.

दुपारी सुजाताचा फोन, तबेल्यावरून. नातीला सव्विसावं लागलं, घोडेस्वारीत तीन वेळा देशात पहिली आली, तरी पहिलं वाक्य तेच. "आजा, कागद घे."

पुण्याची स्पर्धा दहा दिवसांवर आणि पहिल्या दिवशी घोडीने करायच्या चालींचा कागद बदलला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडून पाठीमागे उतरवून घेतलं. एकूण अठरा चाली, मैदानाच्या कडेने लावलेल्या इंग्रजी अक्षरांच्या खुणांवर. ए मधून आत, एक्सला थांबा, सीला उजवीकडे, असं. आत गेल्यावर कुणी एक अक्षर सांगायचं नाही, सगळं तोंडपाठ. इंग्रजी अक्षरं हिच्या डोक्यात पहिल्यापासून राहत नाहीत. पंधराची असताना रडत आली होती. तेव्हा मी ए चं आसनगाव केलं, के ची किन्हवली, एम चं मुरबाड, एस चं शहापूर, बी ची भातसा. सी ला परीक्षक बसतात म्हणून साहेब. एच ला जवळपास गाव सापडेना, मग हापूस. गाव नाही, पण लक्षात राहतो. त्या गावांची कविता केली, चाल लावली. तिने ती घोड्यावर बसून म्हटली आणि मुलांच्या गटात पहिली आली. तेव्हापासून दर कागदाची कविता. ही अकरावी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

झाली. सोळा मात्रा, कुठे ओढाताण नाही. दुसरं कडवं सकाळभर अडून बसलं होतं. यमक मिळेना. मग दोन ओळी वरखाली केल्या आणि एकदम सुटलं:

शहापुराला गोल फिरूनी
किन्हवलीवर यावे परती
तिथून तिरपे लांब पावली
मुरबाडाच्या नाक्यावरती

किती दिवसांनी अशी ओळ बसली. दोनदा मोठ्याने म्हटली. सून मंदा तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "बाबा, घोडी नाचंल का तुमी?"

तिनेच मोबाईलमध्ये माझा आवाज भरून सु.ला पाठवला. संध्याकाळी सु.चा फोन, "आजा, भारी हाय. लगेच बसली डोक्यात." कागद पुन्हा बघायची गरज नाही म्हणाली.

दफेदार बगळीवर, म्हणजे सु.च्या घोडीवर, अख्खा कागद कधी काढू देत नाहीत. (निवृत्त घोडदळवाले, सु.चे गुरू.) तुकडे तुकडे करून घेतात. घोडीला क्रम कळला की ती स्वाराच्या पुढे धावते, म्हणतात. म्हणजे क्रम फक्त सु.च्या डोक्यात. आणि माझ्या वहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. पुणे.

प्रकाशने, माझ्या मुलाने, हट्टाने आणलं. तो बगळीचा मोतद्दार, तिचं खाणंपिणं-खरारा बघणारा, बावीस वर्षं मालकांच्या तबेल्यात. "बाबा, एकदा तरी बघा, नायतर नुसती कवनं करत बसाल." ट्रकमध्ये पुढे मी, मागे बगळी. कागदोपत्री तिचं काहीतरी इंग्रजी नाव आहे. पांढरी आहे म्हणून प्र.ने बगळी केलं.

दोरीच्या अलीकडे खुर्ची मिळाली. आमच्याच तबेल्यातली रिया आधी जाऊन आली. मुंबईची मुलगी, एकोणीस वर्षांची, गोड. मला म्हणाली, "आजोबा, सुजाताताईची कविता करता ते तुम्हीच ना?" छाती फुगली.

मग सु. काळ्या कोटात. आमच्या घरातलं माणूस वाटेना. मी ओठातल्या ओठात सुरू केलं, तीही आत शिरली. ओळ आणि पाऊल बरोबर पडत होतं. आसनगाव झालं. सलाम झाला. भातसा झाली. वळून किन्हवलीला आली आणि तिथून सरळ शहापूरकडे निघाली. मी मनात म्हटलं, शाब्बास, बरोबर.

आणि घंटा.

लहानशी, हातातली, स्वार चुकला की वाजवतात ती. पण घंटाच. चौतीस वर्षं मी वाजवली, आज पहिल्यांदा आमच्यावर वाजली. सीला बसलेल्या बाई उठून सु.ला काही सांगत होत्या, हाताने तिरपी रेघ दाखवत होत्या. मला वाटलं, बाईच चुकल्या.

दोन गुण गेले. गुणांचं एवढं नव्हतं. पुढच्या सगळ्या चाली झाल्या, पण सु. नुसती वर होती. पहिली असायची ती सहावी.

दफेदार म्हणाले, "काय झालं, सुजाता?"

"विसरले, सर."

प्र. तिथेच, सगळ्यांसमोर, "तीन वेळची चँपियन न् गल्ली चुकली."

ती बगळीच्या मानेवरच्या केसांच्या गाठी सोडत राहिली.

२९ नोव्हें., शनि.

दुसरा दिवस, रानातले अडथळे. ओंडके, चर, पाणी.

पाण्याशी दोन वाटा. लांबची सोपी, जवळची अवघड. परवा पायी फिरून बघताना लांबची ठरली होती, असं दफेदार पुन्हा पुन्हा सांगतात. आज तिने जवळची घेतली. कालचं भरून काढायचं होतं.

बगळी पलीकडे उतरली ती वाकडी. पडली नाही. चार पावलं गेली आणि पाचवं टाकेना. सु. लगेच खाली. टोपी काढून काखेत धरली आणि तिला हाताने धरून चालवत बाहेर आणलं. लोक टाळ्या वाजवत होते, का ते कळलं नाही.

प्र. धावला. मुलीकडे नाही, घोडीकडे. त्याचं काम तेच. पण सु.ने ते बघितलं, आणि मी तिचं बघणं बघितलं.

३० नोव्हेंबर, रविवार. घरी.

पुढच्या उजव्या पायाची शीर. सहा महिने तरी, डॉक्टर म्हणाले. बगळी पंधरा वर्षांची. सहा महिन्यांनंतर काय, हे कुणी विचारत नाही.

सकाळी वही काढली. बाईंनी हवेत काढलेली ती तिरपी रेघ डोक्यातून जात नव्हती. ऑक्टोबरचं पान शेजारी ठेवलं. नववी चाल, के ते एम तिरपे, लांब पावलं. दहावी, एस ला गोल.

माझ्याकडे आधी शहापूरचं गोल. मग किन्हवली, मग मुरबाड.

पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

मी एस.टी.चा रस्ता लिहिला. शहापूरला बसायचं, वाटेत किन्हवली, पुढे मुरबाड. आयुष्यभर गाडी अशीच गेली, मग कवितेतही तशीच गेली. वर यमक जुळलं, म्हणून मी खूश. सु.ला खटकलं नाही, कारण तीही लहानपणापासून त्याच गाडीने बापाच्या तबेल्यावर जायची.

विसरली नव्हती ती. अक्षर न् अक्षर बरोबर म्हणत होती.

मंदा म्हणाली, "बाबा, जेवला नाय तुमी." भूक नाही म्हटलं.

२ डिसें., मंगळवार

प्र.चा फोन. मालक म्हणाले, इतक्या वर पोचलेली पोरगी क्रम विसरते म्हणजे तिचं चित्त घोड्यावर नाही. परदेशातून आणलेला नवा काळा घोडा सु.साठी होता. आता रियाला द्यायचं मनात आहे. नाताळात ठरवणार.

काळ्याशिवाय सु.ला पुढची स्पर्धा नाही. बगळी उभी, तिसरं जनावर नाही. रियाच्या घरचे तिला दुसरा घोडा घेऊन देऊ शकतात. आमच्या पोरीला कोण देणार.

मी फोनवर हूं हूं केलं. सांगायला तोंड उघडलं होतं.

४ डिसें., गुरुवार

सु. घरी आलीय. रजा नाही, काही नाही, आली. दिवसभर आईबरोबर वालाच्या शेतात. तिची तीन पदकं कॅलेंडरच्या खिळ्यावर आहेत. येताजाता तिथे बघत नाही.

संध्याकाळी प्र. आला आणि दोघांचं वाजलं.

"मालकासमोर जाऊन नीट माफी माग."

"कशाची?"

"इसरलीस त्याची. बगळीची."

"बगळीची मागीन. बगळीकडं."

मी मधे बसून शेंगा सोलत होतो. कवी. विहारात तिचा सत्कार झाला तेव्हा मलाही शाल दिली होती, 'आपल्या वस्तीचे कवी' म्हणून. ती पेटीत आहे.

६ डिसें., शनिवार

आज विहारात गेलो. वस्तीतले निम्मे दादरला, उरलेले आम्ही म्हातारे आणि बाया. वंदना झाली, पंचशील झालं. पाचही शील मी इतकी वर्षं पुढे बसून खणखणीत म्हणतो, बाकीचे मागून. आज चौथ्याला आवाज फुटेना. खोटं न बोलण्याचं. मागच्यांनी आपलं आपण म्हटलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. म्हणाले, आजा थकला.

सु. शेवटच्या ओळीत होती. माझ्याकडेच बघत होती असं वाटलं. वाटलं असेल.

९ डिसें., मंगळवार

दफेदारांना सांगायचं ठरवून निघालो. किन्हवलीहून मुरबाड, मुरबाडहून धसईची गाडी. गाडीत कंडक्टरने मुरबाड म्हटलं की दचकायला होतं.

तबेल्यावरून सिद्धगड स्वच्छ दिसत होता. लहान सुजाता त्याच्याकडे बोट करून म्हणायची, आजा, त्याच्यावरून उडी मारीन. तेव्हा ती तांदळाच्या कापलेल्या खाचरात बांधावरून उड्या मारायची, कमरेला दोरी बांधून. स्वतःच घोडी, स्वतःच स्वार. मी दोन बांधांवर करवंदीच्या फांद्या ठेवून द्यायचो.

बगळीच्या पायाला पट्टी. माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं. गुळाचा वास लागला असेल.

दफेदार आले. "काय मास्तर, इकडं कसे?" मी शिपाई होतो हे शंभरदा सांगितलं, मास्तर ते मास्तरच. म्हणाले, "पोरीला पाठवा. घरी बसून लगाम हातात येत नाही."

म्हटलं, साहेब, एक बोलायचं होतं.

"बोला की."

काळा घोडा मागून नेत होते. रिया होती वर. सुंदर बसली होती, खोटं कशाला लिहू. दफेदार तिकडे वळून ओरडले, "टाच खाली." परत माझ्याकडे वळले तोवर माझं अवसान गेलं. म्हटलं, बगळीला गूळ चालतो का.

"थोडा," म्हणाले.

तीन तास प्रवास केला आणि गुळाचं विचारून आलो.

११ डिसें., गुरुवार

सांगितलं. सु.ला.

दुपारी ती ओट्यावर वाल निवडत होती. वही आणि ऑक्टोबरचं पान समोर ठेवलं. म्हटलं, हे बघ. तिने बघितलं नाही.

"माहितीय, आजा."

कधीपासून?

"घंटा वाजली तवाच. बाय बोलली, के टू एम. मी मनात म्हटलं, अगो, म्हणजे मुरबाड आधी. आजानं एस.टी.चा रूट लावला." आणि हसली. पंधरा दिवसांनी हसली, तेही यावर.

मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? आजाची कविता चुकली? कागद माज्याकडं व्हता. परत बघितला नाय मी. वर कोन बसलेलं, तू का मी?"

दोन गुण माझे आहेत, म्हटलं.

"बरं, दोन गुन तुजे. घे." मग वालाची एकच शेंग सोलत राहिली. "पन पान्याकडली जवळची वाट तुज्या कवितेत नव्हती. ती मी घेतली. रागानं घेतली. बगळी नको नको म्हनत होती, कान मागं टाकलेले तिनं, मला कळलेलं. तरी घातली."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला, हळूच.

"दफेदारांना सांगशील तर बघ. हसतील लोक तुला. मोतद्दाराची पोर न् शिपायाची कविता. मी परत कधी तुला कागद देनार नाय."

आणि काळा?

"जाऊं दे रियाला. ती चांगली बसते."

हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

१३ डिसें., शनि.

झोप नाही. जेवण असून नसून.

ती मला वाचवतेय आणि त्यात स्वतः बुडतेय. मी पंचवीस वर्षांच्या पोरीच्या आड बसलोय.

दुसरं एक मनात येतं, तेही लिहून ठेवतो. पुन्हा कागद मिळाला नाही तर माझ्या दिवसाला काय उरतं? अकरा कविता. त्यांच्याआधी मी फक्त दुसऱ्यांच्या पाठ करणारा होतो. व्हरांड्यातला एक्केचाळिसावा.

त्या हिशोबाने गप्प बसणं माझ्याच सोयीचं आहे. ती म्हणते म्हणून नाही.

१४ डिसें., रविवार

पत्र लिहिलं. शाळेत हजार अर्ज नेऊन दिले, लिहायचा पहिल्यांदाच. श्री. दफेदार साहेब यांस. विषय: चूक कबूल करणेबाबत.

'माझी नात क्रम विसरली नाही. क्रम मी चुकवला. तिला जे दिलं ते तिने बिनचूक म्हटलं. सोबत कॅलेंडरचं मूळ पान व कविता जोडली आहे, आपण ताडून पाहावे. घोडीच्या दुखापतीबद्दल ती स्वतःला दोषी मानते, त्यात मी पडत नाही. पण विसरभोळेपणाचा ठपका ठेवून काळा घोडा काढून घेऊ नये. हे पत्र मालकांस दाखवावे. तिला न विचारता लिहीत आहे.'

शेवटी 'आपला नम्र' लिहून थांबलो. शिपाई लिहू की मास्तर. नुसतं नाव लिहिलं.

कविता पत्रात घातली ती कागद फाडून. वहीत आता तिथे दातेरी कड आहे.

१५ डिसें., सोम.

किन्हवलीच्या पोस्टात टाकलं. टाकून बराच वेळ पेटीशी उभा. पोस्टातला म्हणाला, "आजा, आत हात जानार नाय."

१९ डिसें., शुक्र.

काही नाही. फोन वाजला की मीच आधी उठतो. मंदाला संशय. "बाबा, कुनाची वाट बघता?"

सु. आज पहाटे खाचरात दिसली. कापलेल्या भाताच्या खुंटांतून पळत होती. बांधाशी आली, उडी नाही मारली. थांबली, वळून चालत आली. मी खिडकीतून मागे झालो.

प्र. सांगत होता, काळ्याचं खोगीर रियाच्या मापाने लावून बघितलं.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळचे साडेदहा. घाईत लिहितोय, अक्षर जाईल वाकडं.

कुत्री भुंकली. मला वाटलं दफेदार. किंवा प्र., पत्राचं कळून चिडलेला. सदरा घातला, दारात गेलो.

रिया.

एकटी. धुळीने भरलेले बूट, पाठीला पिशवी. या वस्तीत तबेल्यावरचं बाहेरचं कुणी आजवर आलेलं नाही, मालक नाही, दफेदार नाहीत. आली तीही एस.टी.ने. म्हणाली, "शहापूरहून आले, आजोबा. मग किन्हवली. कवितेतल्यासारखं."

कवितेतल्यासारखं. म्हणजे वाचलीय.

हातात माझंच पाकीट. "दफेदार सरांनी मला वाचायला दिलं. मालकांना अजून दाखवलं नाहीये. म्हणाले, आधी तू वाच."

मी ज्या पत्राने हिचा घोडा काढून घ्यायला निघालो, ते हिच्याच हातात. मी ये म्हणालो. बूट काढायला ती खाली बसली, आणि मागून सु. आली, हाताला तांदळाचं पीठ.

"रिया? तू इथं कशी?"

"ताई, हे..." तिने पाकीट पुढे केलं आणि थबकली. "तुला माहीत नाही का?"

सु.ने माझं अक्षर ओळखलं. घेतलं नाही, हाताला पीठ होतं. नुसतं बघितलं, आधी पाकिटाकडे, मग माझ्याकडे. रागावलेली नव्हती. काय होती ते मला लिहिता येत नाही. मग रियाला म्हणाली, "बस. पानी घे आधी. चालून दमली असशील."

दोघी ओट्यावर आहेत. मी आत, वही घेऊन. रिया हळू बोलतेय, सु. ऐकतेय. मधेच कोण हसलं कळलं नाही, की ते हसू नव्हतंच. मंदा खुणावतेय, चहा झाला, बोलवा त्यांना. मी उठत नाही.

रियाच्या मांडीवर दोन कागद आहेत. एक दातेरी कडेचा, तो माझा. दुसरा पांढरा, नवा करकरीत, तीन घड्यांचा. तिने तो आत्ता सु.च्या हातात दिला. इथून नीट दिसत नाही, पण ओळींना आकडे आहेत, चालींच्या कागदाला असतात तसे.